एडनाचं सुकाणू

शनिवार, १८ एप्रिल

डॉक्टरचं म्हणणं असं की मी चिडलो की ओरडू नये, लिहावं. रक्तदाब खाली येतो म्हणे. लॉरेटा त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन ही वही घेऊन आली. एरवी तिला साधा बल्ब आणायला सांगितला तर आठवडा जातो. "जाड बघून आणलीय," म्हणाली. "तुला पुरायला हवी."

तर लिहितो. आज समुद्रापलीकडच्या बिमिनी बेटावर जायला निघायचं होतं. घरामागच्या कालव्यात एडना तयार उभी आहे. पेट्रोल भरलं, बर्फ भरला, हवेच्या टाक्या, गळाच्या काठ्या, भाले, सगळं जागच्या जागी. आणि वारा कुठला? उत्तरेचा. मधला गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि उत्तरेचा वारा त्याच्या तोंडावर आपटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. फ्लोरिडातल्या आमच्या पॉम्पानो गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. म्हणजे थांबा. बर्फ वितळतोय आणि मी बघत बसलोय.

एडना ही माझी सव्वीस फुटी बोट. नाव माझ्या आईचं. जन्मभर लोकांच्या माळ्यांवर चढून एअर कंडिशनर बसवले, घामाच्या धारा काढल्या, तेव्हा कुठे ती झाली. डेक मी माझ्या हातांनी नव्याने घातलाय. लॉरेटाला बोटीचं नाव कधीच आवडलं नाही. का, ते तिने सांगितलेलं नाही.

या सहलीला एक अट आहे, तीही नोंदवून ठेवतो. लॉरेटाची बहीण ओपल टेनेसीत डोंगरात राहते. तिच्या शेजारचं घर विकायला निघालंय. लॉरेटा म्हणाली, "वर्नन, या वेळी मला एकदा तरी वाटलं पाहिजे की मी सुट्टीवर आहे. एकदाच. वाटलं तर बोट राहील. नाही वाटलं तर एडना विकायची आणि टेनेसीला जायचं." मी कबूल झालो. त्यात अवघड काय आहे? समुद्र, मासे, स्वतःची बोट. सुट्टी म्हणजे आणखी वेगळं काय असतं? ओपलचा नवरा सांगतो की तिथल्या तळ्यातही मासे असतात. तळ्यात बेडूकही असतात.

सोमवार, २० एप्रिल

वारा तोच. हवामानवाला रोज "उद्या" म्हणतो. त्याच्या तोंडावर बर्फाची बादली ओतावीशी वाटते.

लॉरेटा मात्र खुशाल एडनावर खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून पुस्तक वाचत बसली होती. म्हणाली, "इथेच किती छान वाटतंय. सुट्टी सुरू झाली असं समजू या का?" घरामागच्या कालव्यात! मी म्हटलं, उठ, मला खुर्चीखालचं झाकण उघडून पंप तपासायचाय. पंप ठीक होता.

बुधवार, २२ एप्रिल. बिमिनी

पोचलो एकदाचे. पण सुखासुखी नाही.

पहाटे वारा पडला आणि निघालो. खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्यावर लॉरेटा म्हणाली, "मी चालवू थोडा वेळ?" मी म्हटलं, तुझी सुट्टी आहे, आराम कर. मग ती मागे जाऊन बसली. वाट दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा सारखा सांगत होता की दक्षिणेला वळा, दक्षिणेला वळा. यंत्र बाजारात येण्याआधीपासून मी समुद्रात आहे. सरळ नाकासमोर गेलो. बेट दिसलं ते नेमकं दक्षिणेला, बरंच खाली. मग प्रवाहाच्या उलट धडपडत खाली यावं लागलं, पेट्रोल उगाच जळलं. यंदा प्रवाहाला जोर जास्त आहे.  लॉरेटा नुसती पडद्याकडे बघत होती.

बंदरात शिरताना पिवळा झेंडा चढवला. सरकारी कागद होईपर्यंत फक्त कप्तानाने जमिनीवर पाय ठेवायचा, बाकीच्यांनी बोटीतच बसायचं, हा इथला कायदा. साहेब जेवायला गेला होता. तोवर धक्क्यावरच्या क्लिओफसशी गप्पा झाल्या. हा आमच्या दोऱ्या बांधतो, आणि बिमिनीच्या पाण्यातला एकूण एक मासा आपण नावाने ओळखतो असं सांगतो. माणूस झकास आहे. त्याने मला शंखातल्या मांसाची कोशिंबीर खिलवली, लिंबू आणि जहाल मिरची घातलेली. वर थंडगार बिअर. परत येतो तर लॉरेटाचं पुस्तक संपलं होतं आणि नाक लाल झालं होतं. तिच्याकडे टोपी होती. सावलीचं छत पसरायला तिला कोणी मनाई केली नव्हती.

गुरुवार, २३ एप्रिल

दिवस वाया.

प्रवाळाच्या कड्यावर नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की तळाचा दगड न् दगड मोजावा. टाकी पाठीला बांधली, उतरलो, आणि दोन पुरुष खोल गेलो नाही तोच डावा कान असा दुखायला लागला की डोळ्यांपुढे काजवे. नाक दाबून फुंकलं, गिळलं, जबडा हलवला. काही नाही. वर आलो, पुन्हा गेलो, पुन्हा वर. शेवटी बोटीत बसून टाकीला लाथ मारली. मग अंगठाही दुखायला लागला.

लॉरेटा टाकी लावत नाही. मास्क, नळी, पायात पंख, आणि एक श्वास धरून खाली जाते. मी कानात थेंब टाकत असताना ती लांबवर पाण्यात डोकं खुपसून तरंगत होती. अर्ध्या तासाने ओरडत आली, "वर्नन, पाकटं! ठिपकेवाली! चार होती, नाही, पाच! माझ्या खालून गेली, पक्ष्यांसारखी!" मी विचारलं, तिथे गोब्रा मासा दिसला का? चांगला मोठा? भाला मारण्याजोगा? ती म्हणाली, लक्ष गेलं नाही. आता हिला काय म्हणायचं! मग मी नांगर उचलून दुसऱ्या जागी गेलो. ती म्हणत होती की थोडं थांबू या, ती परत येतील. पाकटं थोडीच तळून खायचीत आपल्याला?

शनिवार, २५ एप्रिल

शार्क! शार्क! शार्क!

बेटाच्या पश्चिमेला पाणी एकदम खोल होतं, तिथे गळ ओढत हिंडलो. पहिला मासा गळाला लागला, वाहू जातीचा, रीळ किंचाळलं, मी भान हरपून ओढला, आणि हातात आलं ते नुसतं डोकं. मागचं सगळं शार्कने नेलं. दुसऱ्या माशाचं तर डोकंही राहिलं नाही. तिसऱ्या वेळी गळ, तार, आमिष, सगळंच गेलं. मेहनत माझी, पेट्रोल माझं आणि जेवण त्यांचं!

आणि मग कळलं कशामुळे. लॉरेटाच्या पिशवीत केळी! पिवळीधमक, अख्खा घड! बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, हे फ्लोरिडात मासे धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. काहीजण केळ्याच्या वासाचं मलमसुद्धा बोटीवर येऊ देत नाहीत. म्हटलं, कुठून आणलीस? तर क्लिओफसची बायको युलाली घराच्या खिडकीतून नारळाचा पाव विकते, तिने प्रेमाने दिली. मी घड उचलला आणि समुद्रात भिरकावला.

"ती मला दिलेली भेट होती," लॉरेटा म्हणाली.

"ती भेट माझ्या बोटीवर होती."

"हो," ती म्हणाली. "तुझ्या बोटीवर."

त्यानंतरही काही लागलं नाही. केळ्यांचा परिणाम लगेच जात नसावा.

रविवार, २६ एप्रिल

मासा नाही. लॉरेटा युलालीबरोबर चर्चला गेली, तिथून तिच्याकडेच जेवली. येताना माझ्यासाठी ताटलीभर वाटाणेभात आणि कोंबडी आणली. मी म्हटलं, स्वतःची बोट घेऊन इथवर आलो ते दुसऱ्याची कोंबडी खायला नव्हे. मग खाल्ली. चांगली होती.

सोमवार, २७ एप्रिल

आज कानाने थोडी मेहेरबानी केली. उथळात भाला घेऊन उतरलो. इथे टाकी लावून भाला मारायला बंदी आहे, बंदुकीलाही बंदी आहे. रबराच्या गलोलीने भाला सोडायचा आणि तोही श्वास धरून. माझं वय काय, पोट केवढं आणि हे गलोल खेळायला सांगतात! दगडाखाली बघतो तर शेवंडी. एकेक माझ्या हाताएवढी, मिशा हलवत बसलेली. आणि शेवंडीचा मोसम बंद. त्यांनाही ते माहीत असावं, कारण एकही हलली नाही. एका तांबोशी माशावर भाला सोडला तो दगडावर आपटून वाकला.

वर आलो तर सोडून ठेवलेल्या गळाची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतलेली. ती कापायला मी पाण्यात, आणि वारा बोटीला खडकाकडे ढकलतोय. लॉरेटाला म्हटलं, दुसरं इंजिन चालू कर आणि मी सांगतो तसं जराजरा पुढे-मागे घे. ती तसं करत राहिली. दोरी निघायला वेळ लागला. बोट जागची हलली नाही, त्यामुळे माझी सूचना देण्याची पद्धत योग्य होती हे सिद्ध झालं. कान पाण्यात असल्यामुळे मी काय ओरडतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. वर चढलो तर लॉरेटा सुकाणू धरून गुणगुणत होती. ऊन लागलं असणार. म्हटलं, सोड आता, मी घेतो.

मंगळवार, २८ एप्रिल

सकाळी भांडण झालं. कारण क्षुल्लक होतं. मी विचारलं, कॉफी का झाली नाही? ती म्हणाली, "घरी मी कॉफी करते. इथे मी एका चुलीवर, वाकून, डोकं छताला आपटत कॉफी करते. नांगर मी टाकते, मी उचलते. तुझे कपडे वाळत घालते. तू न धरलेल्या माशाचं रक्त मी डेकवरून धुते. वर्नन, ही सुट्टी कोणाची आहे?"

"आपली," मी म्हटलं.

ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. मग ओपलला फोन लावून धक्क्याच्या टोकाला जाऊन बोलत बसली. 'घर' हा शब्द मला दोनदा ऐकू आला.

मी घाबरलो, हे कबूल करायला हवं. एडना गेली तर मी कोण? पहाटे उठून जायला दुसरी कुठली जागा आहे मला? डोंगराकडे तोंड करून बसलेला म्हातारा होणं माझ्याच्याने होणार नाही. एक उपाय आहे. तिला असं जेवण घालायचं की जन्मात विसरणार नाही. आपल्या बोटीने, आपल्या गळाने आणलेला मासा, तासाभरात तव्यावर. ते खाऊन कोणालाही सुट्टी वाटेल. उद्या काहीही होवो, मासा आणणार.

बुधवार, २९ एप्रिल

आणला!

बॅराकुडा आहे, हे आधीच सांगतो. दुसरं काही लागेना. पण काय जनावर! माझ्या पायाएवढा लांब, दातांची करवत, आणि या वेळी शार्क झोपली होती. धक्क्यावर आणला तेव्हा लोक बघायला जमले.

लॉरेटाने बघितला आणि म्हणाली, "मी हा खाणार नाही."

"का?"

"फार मोठा आहे. आपल्याकडे मोठा बॅराकुडा कोणी खातं का? प्रवाळाच्या कड्यावरचं विष साठतं त्यांच्यात."

"एखाद्यात असतं. सगळ्यांत नसतं."

तेवढ्यात क्लिओफस आला. त्याने मासा फळीवर ठेवला, पोट चिरलं आणि हात बांधून उभा राहिला. "कॅप्टन, आता गप्प राहा. माश्यांना ठरवू द्या. माशी बसली तर मासा चांगला. नाही बसली तर समुद्राला परत. माझा बाप असंच बघायचा, त्याचा बाप असंच बघायचा."

माश्या आल्या. एक नाही, दोन नाही, काळं झालं. क्लिओफस म्हणाला, "बघा मिस लॉरेटा. माणूस खोटं बोलेल, सरकार खोटं बोलेल. माशी नाही बोलणार."

"मग माशीला वाढा," लॉरेटा म्हणाली.

कांदा, लिंबू, मिरची घालून क्लिओफसने तुकडे तळले. मऊसूत, पांढरेशुभ्र. दोघांनी ताव मारला. युलाली चर्चच्या गाण्याच्या सरावाला गेली होती. आणि माझी बायको समोर बसून शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव खात होती! मी इतक्या दिवसांनी मासा आणला, तोही तिच्यासाठी, आणि तिने चव बघायचीही तसदी घेतली नाही. फार लागलं मनाला. मी तिच्या वाट्याचाही खाल्ला.

गुरुवार, ३० एप्रिल

बरं नाही. पोट. नंतर लिहितो.

शनिवार, २ मे

आज कुठे उठून बसलो.

पहिल्या रात्री पोटातलं सगळं दोन्ही बाजूंनी गेलं. त्यानंतर ओठांना मुंग्या, जिभेला मुंग्या, दात हिरड्यांत सैल झाल्यासारखे. आणि मग हा विचित्र प्रकार सुरू झाला. लॉरेटाने थंड पाण्याचा ग्लास हातात दिला आणि मी किंचाळून टाकून दिला. थंड वस्तूने हात भाजतो! बर्फाला बोट लावलं तर विस्तवाला लावल्यासारखं. मला वाटलं, डोकं फिरलं आपलं.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "कुठला मासा?" सांगितलं. "केवढा?" हात पसरून दाखवला. तिने डोळे मिटून घेतले. शिजवून हे विष जात नाही म्हणाली, आणि यावर औषधही नाही. आराम करायचा, पाणी प्यायचं. दारू, शेंगदाणे आणि मासे सहा महिने बंद.

"सहा महिने मासा बंद?"

"पकडा की. खाऊ नका म्हणजे झालं."

माझी नाडी फार सावकाश चालतेय, तेव्हा दोन दिवसांत घरी जाऊन आपल्या डॉक्टरला दाखवा, असंही तिने लॉरेटाला सांगितलं. मला नाही, लॉरेटाला.

क्लिओफसचीही तीच गत आहे. तो अंथरुणावर कण्हतोय आणि युलालीचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू येतो. "जन्मभर घाणीवर बसणारी ती माशी! ती तुला सांगणार खायला काय चांगलं? कोंबडी होती घरात, कोंबडी! आणि हा बाप्या माशीला विचारायला गेला!"

आता खरी पंचाईत. सोमवारी पुन्हा उत्तरेचा वारा येतोय, आणि आला की आठवडाभर हलायचा नाही. जायचं तर उद्याच. मला सुकाणूपाशी धड उभं राहवत नाही. मी म्हटलं, एखादा कप्तान भाड्याने घेऊ.

लॉरेटा म्हणाली, "तू विमानाने जा. बोट मी आणते."

"एकटी?"

"स्ट्रीम ओलांडायला कितीजण लागतात?"

"तुला येतं तरी का?"

"इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून मी काय स्वेटर विणत होते?"

मी सांगितलं, माझी बोट माझ्याशिवाय जाणार नाही. ती म्हणाली, ठीक आहे, सामान म्हणून चल.

रविवार, ३ मे. घरी

आजचा दिवस पूर्ण लिहून काढतो, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी तिने एडना धक्क्यावरून काढली. मी मागे गादीवर पडून सूचना देत होतो. डावीकडे लाकडी खांब आहे, सांभाळ. वारा बघ. उजवं इंजिन मागे घे. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, "वर्नन, गप्प."

बाहेर पडल्यावर नाकाला वास आला. केळं! मी धडपडत उठलो. "बोटीवर केळी आहेत!"

"युलालीने केळ्यांचा केक दिलाय."

"फेक तो!"

"मला हवाय. आणि तुला उठून फेकता येत नाही." ती एका हाताने सुकाणू धरून केक खात राहिली.

मग माझ्या लक्षात आलं की ही तोंड सरळ पश्चिमेला धरून चाललीय. पॉम्पानो वायव्येला आहे! मी ओरडलो, अशाने मायामीला पोचशील. ती म्हणाली, "प्रवाह आपल्याला उत्तरेला नेणारच आहे. त्याचं काम त्याला करू दे." पडद्याकडे बघायची, लाटेकडे बघायची, आणि सुकाणू इतकंसं हलवायची. समुद्र मऊ होता. तिला सगळं सोपं मिळालं, हेही खरं.

निम्म्या वाटेवर तिने एकदम वेग कमी केला. मी विचारलं, काय बिघडलं? तिने बोट दाखवलं. पाण्यावर तरंगत्या शेवाळाची लांबच लांब पिवळी पट्टी, त्यात अडकलेलं एक फळकूट, आणि वर दोन पक्षी घिरट्या घालणारे. मी हे कसं नाही बघितलं? मी आकाशाकडे तोंड करून पडलो होतो. तिने उरलेलं आमिष लावलं आणि गळ फळकुटाजवळ टाकला.

माही मासा गळाला लागला. पाण्यातून हातभर वर उडाला, हिरवा, सोनेरी, निळा. मी आयुष्यात किती माही बघितलेत, तरी डोळे दिपले. "सैल सोड! नाही, ओढ! काठी वर!" मी ओरडत होतो. ती माझं ऐकतच नव्हती. पाय रोवून, ओठ चावून, कधी सोडत, कधी गुंडाळत, तिने तो बोटीशी आणला. शार्क आली नाही. एकही नाही! मी मदतीला म्हणून बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि भाजल्यासारखा बोंबललो. लॉरेटाने आकड्याने मासा स्वतःच आत घेतला.

तो डेकवर थडथडत होता आणि ती हसत होती. केस तोंडावर आलेले, हातांना रक्त, अंगावर खवले, आणि पोट धरून हसत होती. मग हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. किंवा बघितलं असेल, माझं लक्ष माशाकडे असेल. खरं लिहायचं तर मला मत्सर वाटला. नंतर आनंदही झाला, पण मत्सर आधी.

नाकासमोर दीपगृह आलं, त्याच्या बाजूला आमच्या खाडीचं तोंड. मायामी नाही. पॉम्पानो. नेमकं.

गुरुवार, ७ मे

डॉक्टरने तपासलं. नाडी सुधारतेय. रक्तदाब मात्र कमी झाला नाही म्हणाला. मी म्हटलं, वही अर्धी भरलीय. तो म्हणाला, अजून अर्धी आहे ना?

सोमवारी लॉरेटाने माही भाजला. शेजारच्यांना बोलावलं. वास सगळ्या कालव्यावर पसरला होता. मी उकडलेल्या बटाट्यांबरोबर कोंबडी खाल्ली. प्रत्येकजण माझ्याकडे बघून "अरेरे" म्हणत होता आणि दुसरा तुकडा घेत होता.

काल मीच विषय काढला. म्हटलं ती काढण्याआधी आपण काढावा, पुरुषासारखा. ती मागच्या पायरीवर बसून एडनाकडे बघत होती. मी म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द. तुला सुट्टी वाटली नाही, मला माहीत आहे. विकून टाकू एडना. ओपलला कळव."

"विकायची नाही," ती म्हणाली.

"का?"

"मला सुट्टी वाटली."

मला इतका आनंद झाला की पायरीवर बसूनच गेलो. "कधी? पाकटं दिसली तेव्हा?"

"तेव्हा वाटायला लागलं होतं. तू नांगर उचललास."

"मग कधी?"

"रविवारी."

"रविवारी तर आपण घरी परत येत होतो!"

"हो," ती म्हणाली.

मी आठवून बघितलं. त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. दिवसभर आडवा पडून होतो. त्यात सुट्टी कसली? पण तिचं उत्तर पक्कं होतं आणि मी फाटे फोडले नाहीत, कारण बोट राहत होती.

मग ती म्हणाली, "पुढच्या एप्रिलमध्ये मी आणि ओपल बिमिनीला जाणार आहोत. युलालीशी बोलणं झालंय."

"ओपल? ओपलला पोहता तरी येतं का?"

"शिकवीन."

"बोट कोण चालवणार?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला आणि मलाच मूर्खासारखं वाटलं.

कालव्यात कोणाची तरी बोट गेली, लाटेने एडना हलली, दोरी करकरली. मग मी विचारलं, "आणि मी?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानात एखादी वस्तू उलटसुलट करून बघावी तसं, बराच वेळ.

मी म्हटलं, मी सुकाणूला हात लावणार नाही. नांगर मी टाकीन, मीच उचलीन. कॉफी करीन. डेक धुवीन. सूचना देणार नाही. मग पुढे म्हटलं, केळी चालतील.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि आत गेली.

अजून सांगितलेलं नाही. सकाळी मी कॉफी केली, तिने घेतली, छान झालीय म्हणाली, आणि पेपर वाचत बसली. मी म्हटलं, सावकाश ठरव, घाई नाही.

घाई आहे.